तुमचं आवडतं मूलद्रव्य कुठलं?

आवडता नट, आवडता पदार्थ, आवडती प्रोग्रामिंग लँग्वेज हे प्रश्न आपल्या सवयीचे आहेत. (शेवटच्या प्रश्नावरून आमच्या हापिसात दोन माणसं सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हती, पण ती वेगळी कथा.) आवडतं मूलद्रव्य मात्र आपल्याला कुणी विचारत नाही. शाळेत आवर्तसारणी पाठ केली, परीक्षेत ओकली, विषय संपला.

वैज्ञानिकांना मात्र हा प्रश्न विचारतात. २०१९ हे संयुक्त राष्ट्रांनी आवर्तसारणीचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, कारण मेंडेलीव्हच्या १८६९ च्या तक्त्याला दीडशे वर्षं झाली होती. तेव्हा तर हा प्रश्न जिथेतिथे विचारला गेला. विकांताला असलं काहीबाही वाचत बसण्याचा मला जुना रोग आहे, त्यामुळे उत्तरं बरीच वाचली. आणि खरं सांगू का, जो माणूस 'कार्बन' म्हणतो त्याचं उत्तर मी पुढे वाचतच नाही. कारण माहीतच असतं : कार्बन नसता तर जीवसृष्टी नसती वगैरे. म्हणजे 'माझी आवडती व्यक्ती' या निबंधात 'माझी आई' लिहिण्यातला प्रकार. चूक काहीच नाही, पण मार्क पाचच. (प्रीमो लेव्हीला माफ. त्याने मूलद्रव्यांच्या नावांची २१ प्रकरणं लिहून शेवटचं कार्बनला दिलं. माणूस पेशाने रसायनशास्त्रज्ञ होता आणि आउशविट्झमधून जिवंत परत आला होता. त्याला कार्बन काय, काहीही आवडायचा हक्क आहे.)

खरी मजा येते ती विचित्र उत्तरांत.

हम्फ्री डेव्हीचं बघा. ऑक्टोबर १८०७, लंडन. वितळलेल्या पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडल्यावर पाऱ्यासारखे चमकणारे बारीक थेंब वर आले आणि आपोआप पेटले. पोटॅशियम! त्याचा चुलतभाऊ तेव्हा प्रयोगशाळेत मदतीला होता, त्याने लिहून ठेवलंय की डेव्ही आनंदाने खोलीभर नाचत सुटला. आपला बिल्ड पहिल्या फटक्यात पास झाल्यावर कसं होतं, तसंच. काही दिवसांत त्याच युक्तीने सोडियमही हाती आलं. त्या वेळी कुणी नाचल्याची नोंद नाही. पहिलं ते पहिलंच.

आणि फ्लोरीन! हे मूलद्रव्य वेगळं काढायच्या नादात अनेकजण भाजले, आजारी पडले. बेल्जियमचा लुयेत आणि फ्रान्सचा निक्लेस तर जिवानिशी गेले. शेवटी १८८६ च्या जूनमध्ये पॅरिसला हेन्री म्वासाँला ते जमलं, प्लॅटिनमच्या उपकरणात, भरपूर थंड करून. मग फ्रेंच अकादमीने खात्री करायला तीन बुजुर्गांची समिती पाठवली. आणि त्या दिवशी उपकरणातून काहीही बाहेर येईना! का, तर पाहुणे येणार म्हणून म्वासाँने आम्ल अगदी निगुतीने शुद्ध करून घेतलं होतं, आणि शुद्ध आम्लातून वीजच जात नाही. आधीच्या वेळी त्यात पोटॅशियमचं क्षार मिसळलेलं होतं म्हणून काम झालं होतं. क्लायंट डेमोच्या दिवशी 'काल माझ्या मशीनवर चालत होतं' म्हणणाऱ्या तमाम बंधुभगिनींनी म्वासाँची तसबीर क्यूबिकलमध्ये लावायला हरकत नाही. त्याला १९०६ चं नोबेल मिळालं. ज्या मेंडेलीव्हच्या नावाची शिफारस झाली होती त्याला डावलून. फेब्रुवारी १९०७ मध्ये दोघंही अठरा दिवसांच्या अंतराने वारले.

असो. मला सांगायचंय ते हेलियमबद्दल.

लहानपणी मला हेलियम आवडायचा तो मामामुळे. मामा देवगड तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि विजयदुर्ग हा त्याचा जीव की प्राण. किल्ल्यावर काही दगडी ओटे आहेत, लोक त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं, तेव्हा नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबाने या ओट्यांवर दुर्बिणी मांडून सूर्यात हेलियम शोधला, अशी ती कथा. म्हणजे पृथ्वीवर सापडायच्या सत्तावीस वर्षं आधी सूर्यात सापडलेलं मूलद्रव्य, आणि ते सापडलं आमच्या कोकणातून! आता तर दर १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो, आणि त्या दिवशी फॅमिली ग्रुपवर हा निरोप तीन वेगवेगळ्या काकांकडून येतो.

अडचण एकच आहे. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता.

हा लॉकियर मला भयंकर आवडतो, आणि त्याचं कारण आपल्या जातीचं आहे. तो व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ नव्हता. लंडनच्या युद्धखात्यात कारकून होता. दिवसभर फायली, आणि उरलेल्या वेळात घरी स्वतःची दुर्बीण. म्हणजे शुद्ध विकांतवाला. (याच गृहस्थाने १८६९ मध्ये 'नेचर' हे नियतकालिक काढलं. आपण साइड प्रोजेक्ट म्हणून टू-डू लिस्टचं अ‍ॅप लिहितो.) ग्रहणात सूर्याच्या कडेला लालसर ज्वाला दिसतात, त्या बघायला ग्रहणाची वाट कशाला पाहायची, चांगला वर्णपटदर्शक असेल तर रोज दिसतील, असं त्याच्या डोक्यात १८६६ पासून होतं. पण उपकरण बनवणाऱ्याने इतका उशीर लावला की ते हातात पडेपर्यंत १८६८ चा ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला त्याने कसल्याही ग्रहणाशिवाय त्या ज्वालांच्या रेषा पाहिल्या.

इकडे हिंदुस्थानात ग्रहणाच्या दिवशी गुंटूरला फ्रान्सचा ज्यूल जान्सेन बसला होता. ज्वालांच्या रेषा इतक्या लख्ख दिसल्या की त्यालाही तीच कल्पना सुचली, आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्याने ती खरी करून दाखवली. त्याचं पत्र हिंदुस्थानातून निघालं, लॉकियरचं इंग्लंडहून, आणि पॅरिसच्या अकादमीत दोन्हींची वार्ता पोचली एकाच दिवशी. भांडण करायची इतकी चांगली संधी दोघांनीही वाया घालवली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं.

त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्याही दोन पिवळ्या रेषा असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला. जुने पिवळे रस्त्यावरचे दिवे आठवा, तोच रंग. त्यामुळे बहुतेकांनी ही रेषाही सोडियमची म्हणून सोडून दिली. पण ती होती ५८७.६ ला. सव्वा-दीड नॅनोमीटरचा फरक! मद्रासचा सरकारी खगोलशास्त्रज्ञ पॉग्सन मच्छलीपट्टणला ग्रहण बघत होता, त्याला ती सोडियमच्या जागी नेमकी बसत नसल्याची शंका आली होती. लॉकियरने ती शंका लावून धरली. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडच्या मदतीने प्रयोगशाळेत खटपट करून पाहिली, हायड्रोजनपासून अशी रेषा काही केल्या मिळेना. मग त्याने म्हटलं, हे नवीन मूलद्रव्य. धातू असेल असं वाटून नावाला 'इयम' जोडलं, म्हणून हेलियम. (या एका गैरसमजामुळे निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉनच्या पंगतीत हा एकटाच वेगळ्या आडनावाचा बसलाय.)

रसायनशास्त्रज्ञ हसले. आणि मला विचाराल तर त्यांचं काही चुकलं नाही. ज्याचा वास नाही, वजन नाही, बाटलीत भरलेला नमुना नाही, आहे ती फक्त एक रेघ, त्याला मूलद्रव्य म्हणायचं? बरोबर याच तर्काने पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, सूर्याच्या प्रभामंडलात हिरवी रेषा दिसली आणि 'कोरोनियम' जन्माला आलं. तेजोमेघांतल्या रेषांवरून 'नेब्युलियम' आलं. दोन्ही खोटी निघाली. नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, हे १९२७ मध्ये कळलं. कोरोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं आपलं साधं लोखंड, हे कळायला १९४० च्या आसपासचा काळ उजाडला. पुरावा तिन्ही ठिकाणी सारखाच होता. म्हणजे १८९० साली बसून पाहिलं तर लॉकियरचं हेलियम आणि ते कोरोनियम यांत फरक करायला कुणाकडेही काही नव्हतं. एका रेघेवर विश्वास ठेवून सत्तावीस वर्षं थांबायचं, आणि ती रेघ लोखंडाचीही निघू शकते... माझा तर दोन स्प्रिंटमध्ये धीर सुटतो.

मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅम्से आर्गॉनच्या शोधात क्लेव्हाइट नावाचं युरेनियमचं खनिज आम्लात टाकून निघणारा वायू तपासत होता. (अमेरिकेतल्या हिलेब्रँडने हा वायू आधीच काढला होता, पण तो त्याला नायट्रोजन वाटला.) वर्णपटात लख्ख पिवळी रेषा, आणि सोडियमच्या जागी नाही. नमुना लॉकियरकडेही गेला. १८६८ ला बत्तीस वर्षांचा असलेला कारकून आता अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्याने काचेच्या नळीत ती पिवळी चमक पाहिली. सूर्यातली, पण आता टेबलावर.

युरेनियमच्या खनिजातच का, तर युरेनियम-थोरियम फुटताना जे अल्फा कण बाहेर पडतात ते म्हणजेच हेलियमचे अणुकेंद्र. दोन इलेक्ट्रॉन पकडले की झाला हेलियम. पृथ्वीवरचा जवळजवळ सगळा हेलियम असा खडकांच्या पोटात तयार झालेला आहे. हवेत सुटला की इतका हलका की हळूहळू अवकाशात निघून जातो. फुग्यातला हेलियम आपल्याला माहीत असतो, पण एमआरआय यंत्राचे चुंबक थंड ठेवायलाही तोच लागतो, आणि २०१३ पासून मोठ्या हार्ड डिस्कही हेलियम भरून सीलबंद मिळतात, कारण हवेपेक्षा त्यात तबकड्यांना कमी विरोध होतो. म्हणजे तुमचे 'क्लाउड'वरचे लग्नाचे फोटो हेलियममध्ये फिरत असण्याची शक्यता बरीच आहे.

हे सगळं मी मामाला दोन वर्षांपूर्वी सांगितलं. किल्ल्यावर, त्या ओट्यांपाशी, ऑगस्टातल्या झिम्माड पावसात. सांगावं की नाही यावर तळेऱ्यापासून विचार करत होतो. ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्या आवडत्या गोष्टीतली चूक दाखवायची कशाला, असं एक मन म्हणत होतं. पण मामा विज्ञानाचा मास्तर. त्याच्याशी खोटं गोड बोलणं मला त्याचा अपमान वाटला.

"कोण म्हणतं लॉकियर इथं नव्हता म्हणून?"

"तोच म्हणतो. त्याचं उपकरण ऑक्टोबरात आलं. तो हिंदुस्थानात आला १८७१ च्या ग्रहणाला, केरळात बेकलला."

मामा बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी एकतीस वर्षं पोरांना सांगितलंय."

यावर काय बोलणार? छत्रीवरचं पाणी झटकत उभा राहिलो.

"ग्रहण तरी इथून दिसलं होतं का?"

"हा किनारा खग्रासच्या पट्ट्यात होता. पाच मिनिटांहून जास्त."

"ऑगस्टात इथं सूर्य दिसतो काय रे?" आणि वर बघितलं. वर सगळं करडं.

रात्री जेवताना मामा गप्प. मामीने विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाला, "काही नाही. हेलियम गेला." सकाळी मात्र चहाच्या वेळी वही-पेन घेऊन आला. "तो गुंटूरचा कोण म्हणालास? आणि मच्छलीपट्टणचा? तारखांसकट लिहून दे." लिहून दिलं. त्याचं पुढे त्याने काय केलं, मी विचारलं नाही. ग्रुपवरचा निरोप अजून येतो, तिन्ही काकांकडून. मामा त्यावर अंगठा दाखवत नाही एवढं मी पाहिलंय.

आता ऑलिव्हर सॅक्स. मेंदूचे डॉक्टर म्हणून आणि लेखक म्हणून आपल्याला माहीत असतात, पण पहिलं प्रेम मूलद्रव्यं. जन्म १९३३, लंडन. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सहा वर्षांच्या ऑलिव्हरला बॉम्बपासून वाचवायला गावाकडच्या एका निवासी शाळेत पाठवलं. तिथला हेडमास्तर पोरांना फोडून काढायचा. चारेक वर्षांनी पोरगा परत आला तो माणसांवरचा विश्वास उडालेला. त्याचे डेव्हमामा टंगस्टनच्या तारेचे दिवे बनवायचे. त्यांनी भाच्याच्या हातात टंगस्टनचा तुकडा दिला. हा धातू सोन्याइतका जड आणि ३४०० अंशांच्या वर वितळणारा, धातूंत सगळ्यात चिवट. सॅक्सनी पुढे २००१ मध्ये आपल्या बालपणावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच हे टंगस्टनवाले मामा आहेत. माणसं दगा देतात, अणुक्रमांक देत नाहीत, हे त्या पोराला तेव्हा किती लागत असेल, याचा आपण फक्त अंदाज करायचा.

सॅक्स वयं मूलद्रव्यांत मोजायचे. अकरावं वर्ष म्हणजे सोडियम, एकोणऐंशी म्हणजे सोनं, ऐंशी म्हणजे पारा. मित्र वाढदिवसाला त्या त्या मूलद्रव्याची भेट द्यायचे. हा खेळ आम्ही हापिसात करून पाहिला. नवीन आलेली पोरं टायटेनियम-व्हॅनेडियम, मी झिरकोनियम. मॅनेजर यंदा त्रेचाळीसचा, म्हणजे टेक्नेशियम, ज्याचा एकही समस्थानिक स्थिर नाही. यावर अधिक भाष्य नको.

२०१५ च्या फेब्रुवारीत सॅक्सनी जाहीर केलं की डोळ्यातला जुना कर्करोग यकृतात पसरलाय. जुलैमध्ये ते ब्याऐंशीचे झाले. ब्याऐंशी म्हणजे शिसं. त्या महिन्यात त्यांनी एक छोटा लेख लिहिला, त्यात आपल्या टेबलावर काय काय आहे ते सांगितलं. गेल्या वाढदिवसाचं थॅलियम, या वाढदिवसाचं शिसं, शिशाच्याच एका डबीत ठेवलेले थोरियमचे स्फटिक, आणि शिशाच्या शेजारचं बिस्मथ, क्रमांक त्र्याऐंशी. आपण बिस्मथ वाढदिवस बहुधा पाहणार नाही, हेही सांगितलं. बिस्मथ त्यांना आवडायचं कारण त्याला कुणी विचारत नाही. करडा, साधा धातू. बाजूला सारलेल्या रुग्णांबद्दल डॉक्टर म्हणून जी माया वाटते, तीच या धातूबद्दल, असं त्यांचं म्हणणं. ३० ऑगस्ट २०१५ ला ते गेले.

मी तो लेख दरवर्षी एकदा वाचतो. त्यात मला रडू येत नाही. डबीतलं थोरियम आठवतं. ते हळूहळू हेलियम सोडत शेवटी शिसंच होणार असतं, म्हणजे डबीच्याच जातीचं. हे त्यांना अर्थातच माहीत असणार.

आणि बिस्मथ. बरीच वर्षं सगळे त्याला स्थिर मूलद्रव्यांतलं शेवटचं मानत होते. २००३ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तेही फुटतं, अल्फा कण सोडून त्याचं थॅलियम होतं. अर्धायुष्य मात्र सुमारे दोनावर एकोणीस शून्यं इतकी वर्षं, म्हणजे विश्वाच्या आजवरच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त! मग मी एका रविवारी गणित मांडलं. शंभर ग्रॅम बिस्मथमध्ये अणूच इतके असतात की एवढ्या कूर्मगतीनेसुद्धा साधारण तासाला एक अणू फुटतोच. म्हणजे तासाला एक अल्फा कण, म्हणजे तासाला हेलियमचा एक अणू. कुणाला कसला अपाय नाही. घड्याळासारखा ठोका, फक्त ऐकू न येणारा.

मामा आता ब्याऐंशीचा आहे. दिवाळीनंतर त्र्याऐंशी. उन्हाळ्यात दोनदा दवाखान्यात राहून आला, आवाज बराच बारीक झालाय. मी शंभर ग्रॅमचा बिस्मथचा स्फटिक मागवलाय. वितळवून सावकाश थंड केला की पायऱ्यापायऱ्यांचा होतो, आणि वर ऑक्साइडचा पातळ थर बसून गुलाबी, निळा, सोनेरी दिसतो. जुन्या टी-शर्टमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलाय. गगनबावड्याच्या घाटात तुटू नये एवढीच काळजी. काठ फार नाजूक आहेत.

परवा फोनवर मामाला म्हटलं, वाढदिवसाला येतोय, एक गोष्ट आणतोय.

"काय आणतोयस?"

"दगड."

"पुण्याहून दगड?" मामा खोकत खोकत हसला. "इथं जांभा काय कमी पडला?"